बॅटरीचा झोत आणि चांदण्याचं माप

रात्रीच्या रानवाटेला बॅटरी कोणती घ्यावी, असं पनवेलची तरुण मुलं मला विचारतात. शनिवारी रात्री प्रबळगडाच्या नाहीतर कलावंतिणीच्या पायथ्याकडे निघालेली ही मुलं. "चाचा, स्वस्तातली सांगा, पण लख्ख पडणारी सांगा." कवीला विचारावा असा हा प्रश्न नाही खरा. पण आमच्या गावाच्या एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला डोंगर, आणि माझं लहानपण बॅटरी धरून चालणाऱ्या माणसांच्या मागोमाग गेलेलं. म्हणून मी उत्तर देतो, आणि ते जरा लांबतं. हातातल्या उजेडाला इतिहास आहे. तो ठाऊक असला की दुकानात माणूस सहसा फसत नाही.

आधी शब्दाचंच बघा. पुस्तकात आपण 'विजेरी' लिहितो, बोलताना कुणी म्हणत नाही. आपल्याकडे तिचं नाव 'बॅटरी', आणि तिच्या पोटात घालायचे ते 'सेल'. इंग्रजाच्या भाषेत बॅटरी म्हणजे पोटातली वस्तू. आपण पोटाचं नाव अख्ख्या देहाला दिलं. त्यात चूक काही नाही, कारण या वस्तूचा सगळा इतिहास तिच्या पोटाचाच आहे.

बॅटरीच्या आधी रानात होती मशाल, पलिता, आणि गरिबाच्या हातात सुक्या झावळीची चूड. चूड हलवत चालायचं म्हणजे ती पेटती राहते, थांबलं की विझू लागते. पहिल्या पावसात ओढ्याला चढणीचे मासे धरायला, ज्याला आमच्याकडे वलगण म्हणतात, रात्री उजेड लागतोच. शेताच्या बांधावरचे मुठे उजेड अंगावर पडला की क्षणभर जागच्या जागी थिजतात आणि टोपलीत येतात. उजेड वाट दाखवतो तसा समोरच्याला दिपवतोही.

आणि फसवतोही. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराजांनी लाल महालात शिरून शाहिस्तेखानावर छापा घातला. परतताना कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना आणि झाडांना पलिते बांधून पेटवले, मोगली फौज त्या उजेडामागे धावली आणि मराठे अंधारातून सिंहगडाकडे निसटले, अशी कथा आहे. ती आख्यायिका म्हणून घ्यावी. पण 'कात्रजचा घाट दाखवणे' हा वाक्प्रचार तिनं भाषेला दिला. रानात उजेड धरणारा सगळ्यात आधी स्वतःला दाखवतो, हे त्या काळच्या माणसाला पक्कं कळलेलं होतं. आजच्या गडावर जाणाऱ्या मुलांना ते सांगावं लागतं.

मग कंदील आला. विलायती कंदिलांच्या बाजारात कराडजवळच्या ओगलेवाडीनं आपला 'प्रभाकर' उतरवला. ओगल्यांचा काचकारखाना १९१६ चा. प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत, गोठ्यांत, बैलगाडीच्या साट्याखाली लटकला. वारा त्याला सहसा विझवू शकत नसे. पण कंदिलाचा एक दोष आहे: तो चहूकडे सारखाच उजेड देतो, म्हणजे धरणाऱ्याच्या डोळ्यांतही. चार पावलांपलीकडे त्याचा काही उपयोग नाही. जाणती माणसं आपल्या बाजूच्या काचेला पुठ्ठा लावत.

याच सुमारास, १९१५ मध्ये, आमच्यापासून जवळच खोपोलीला टाटांच्या केंद्रात पाण्यावर वीज तयार होऊ लागली. ती गेली मुंबईच्या गिरण्यांना. तारा गावांच्या डोक्यावरून गेल्या आणि खाली कंदील तसेच राहिले. खेड्यातल्या माणसाच्या हातात वीज पहिल्यांदा आली ती तारेतून नव्हे, सेलमधून.

सेलवरच्या बॅटरीचं पेटंट डेव्हिड मिझेल या इंग्रज कारागिराला १० जानेवारी १८९९ रोजी अमेरिकेत मिळालं. ज्याच्याकडे त्यानं ते सोपवलं तो कॉनरॅड ह्यूबर्ट, रशियातून न्यूयॉर्कला आलेला ज्यू निर्वासित. कागदी नळीत तीन सेल, पुढे दिवा आणि पितळी परावर्तक, एवढीच ती वस्तू. सेल इतके अशक्त आणि दिव्याची तार इतकी खादाड की उजेड सलग टिकेना. कळ दाबायची, क्षणभर बघायचं, सोडायची. इंग्रजीतलं 'फ्लॅशलाइट' हे नाव त्या लुकलुकण्यावरून पडलं. पुढे टंगस्टनची तार आली आणि झोत स्थिर झाला.

ह्यूबर्टच्या कंपनीचं 'एव्हरेडी' हे नाव आपल्याकडे कोलकात्याला १९३४ मध्ये आलं. १९४१ मध्ये तिचं नाव नॅशनल कार्बन झालं आणि १९५९ मध्ये युनियन कार्बाइड इंडिया. होय, तीच. लाल सेलवरची, नऊच्या आकड्यातून उडी मारणारी मांजर ज्या कंपनीची, त्याच कंपनीच्या भोपाळच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून २ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी वायू सुटला. हजारो माणसं गेली. मी तेव्हा शाळकरी होतो. खुंटीला टांगलेल्या बॅटरीतल्या सेलवर तेच नाव होतं, आणि बॅटरी तर रोज लागायची. अब्बांनी ती खुंटीवरून काढली नाही, पण सेल बदलताना ते काही दिवस अगदी गप्प असत. १९९४ मध्ये अमेरिकन मालकांचा हिस्सा विकला गेला. त्या पैशातून भोपाळच्या वायुपीडितांसाठी रुग्णालय उभं राहिलं आणि कंपनीला पुन्हा एव्हरेडी हे नाव मिळालं. हातातल्या उजेडाची ही बाजू मी मुलांना सांगतोच. ती किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेली नसते.

त्या काळी सेल ही काटकसरीची गोष्ट होती. मंद झालेले सेल आम्ही उन्हात ठेवायचो. ऊब मिळाली की आतलं रसायन जरा चपळ होतं आणि रात्री दहा-पंधरा मिनिटांचा उजेड पदरात पडतो. अब्बा बॅटरी सतत लावून चालत नसत. झोत टाकायचा, वाट डोक्यात घ्यायची, विझवायची, आठ-दहा पावलं चालायची. पैसा वाचायचाच, आणि डोळ्यांना अंधाराची सवय राहायची. डोळा अंधारात पुरता स्थिरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. एक लख्ख झोत ती कमाई एका क्षणात उधळतो. तांबडा उजेड मात्र ती फारशी मोडत नाही. म्हणून काही बॅटऱ्यांना लाल दिवा देतात, तो शोभेचा नव्हे.

मग सगळं बदललं. जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये लख्ख निळा एलईडी करून दाखवला. त्यावर पिवळं द्रव्य फासलं की पांढरा उजेड मिळतो. या निळ्या दिव्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. जुन्या दिव्याची तार बरीचशी वीज उष्णतेत घालवायची, एलईडीनं ती उधळपट्टी थांबवली. जोडीला पुन्हा भारता येणारे लिथियमचे सेल आले. तीन सेलच्या जुन्या बॅटरीला जमत नसे तेवढा उजेड आता बोटभर नळीत मावतो.

आणि इथंच फसवणूक सुरू होते. रस्त्यावरच्या गाडीवर बॅटरीच्या खोक्यावर लुमेनचे आकडे हजारांत, कधी लाखांत छापलेले दिसतात. ते सोडून द्या. अमेरिकेत २००९ मध्ये बॅटऱ्या मोजण्याचं एक प्रमाण ठरलं. त्यात झोताची लांबी कुठवर धरायची? जिथं उजेड पाव लक्सवर येतो तिथवर. पाव लक्स म्हणजे निरभ्र रात्रीच्या पुनवेच्या चांदण्याएवढा. कवींनी चंद्राला आजवर कशाकशाची उपमा दिली. इंजिनिअरांनी त्याला गजपट्टी केला. खोक्यावर 'शंभर मीटर' लिहिलं असेल तर शंभर मीटरवर चांदणं पडेल, दिवस उजाडणार नाही. शिवाय लांबी दुप्पट हवी तर झोताची तीव्रता चौपट लागते, आणि तेवढ्या प्रमाणात सेल लवकर संपतो. किती तास चालेल हा आकडाही उजेड मूळच्या एक दशांशावर येईपर्यंतचा असतो.

चालायला लागतं किती? डोंगरवाटेवर माणूस सेकंदाला मीटरभरही चालत नाही. पंधरा-वीस मीटर नीट दिसलं की पुरे. शंभर ते दोनशे खरे लुमेन, कमी-जास्त करता येणारा उजेड, पावसाचे थेंब सोसणारं अंग आणि बाजारात सहज मिळणारा सेल, एवढं असलेली साधी बॅटरी मी घ्यायला सांगतो. सगळ्यात कमी उजेडावर ती रात्रभर चालली पाहिजे. खूप पुढचं दिसणारा बारीक झोत दुकानात छान वाटतो, पण वाटेवर पायाशी पसरणारा उजेडच कामाचा. कपाळावरचा दिवा हात मोकळे ठेवतो, पण डोळ्यांच्याच रेषेत असल्यामुळे सावल्या पुसतो आणि खड्डा सपाट दिसतो. धुक्यात तर आपलाच उजेड आपल्या तोंडावर येतो. बॅटरी कमरेशी धरावी, दगडाची सावली लांब पडते. आणि मोबाइलच्या दिव्याला बॅटरी समजू नये. वाट चुकली तर फोन करायलाही काही शिल्लक राहायला हवं.

हे सगळं हौशी मुलांपुरतं असतं तर मी एवढं बोललो नसतो. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, आणि बहुतेक खेड्यांत. कोकणातलं फुरसं मातीच्या रंगाचं, वीतभर किंवा थोडं मोठं. मण्यार रात्री हिंडते. भाताच्या खाचरात उशिरापर्यंत राबणारी बाई, ठाकरवाडीवरून खाली येणारा माणूस, रात्री वीज येते म्हणून पाणी द्यायला निघालेला घाटावरचा शेतकरी, यांना डोंगर बघायचा नसतो, पाऊल टाकायचं असतं. त्यांनी एकच बॅटरी घ्यायची, ती हलकी आणि टिकाऊ असावी, आणि घरात आल्यावर ठरलेल्या खुंटीलाच टांगावी.

विंचवाचंही तसंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून कोकणातले कितीतरी जीव वाचवले. विंचवाची एक गंमत आहे: अतिनील उजेडात त्याचं अंग हिरवट-निळं चमकतं. तसला जांभळा उजेड देणारी छोटी बॅटरी आता दोन-तीनशे रुपयांत मिळते. वाट दाखवायला ती निरुपयोगी, आणि तिच्यात डोळे घालून बघू नये. पण रानात मुक्कामाला असाल तर पथारी टाकण्याआधी जमिनीवर, आणि सकाळी पाय घालण्याआधी बुटात, ती एकदा मारावी.