घरभाडें आणि डागडुजी

‘घर पहावें बांधून’ असें आपल्याकडे म्हणतात. परंतु मुंबईंत ज्यांनीं संसार केले त्यांपैकीं पुष्कळांच्या नशिबीं घर बांधणें नव्हतें, भाड्यानें घेणेंच होतें. घरमालक व भाडेकरू यांचें भांडण त्यामुळें या शहरास नवें नाहीं. या वादांत न्याय कोणाच्या बाजूस, असा प्रश्न नेहमीं विचारला जातो. आम्हांस मात्र इतिहास पाहतां असें वाटतें कीं, कायद्यानें दोघांच्या हक्कांचा पुष्कळ विचार केला. त्यांशीं जोडलेलीं कर्तव्यें कोणाच्या पैशानें पार पडावयाचीं, हा विचार तेवढा राहून गेला.

आरंभीं भाडें हा केवळ कराराचा विषय होता. १८८२ च्या मालमत्ता-हस्तांतरण कायद्याप्रमाणें, वेगळा करार नसल्यास, महिन्याच्या भाड्यानें राहणारास पंधरा दिवसांची नोटीस दिली म्हणजे त्याचा जागेवरील हक्क संपत असे. १८९६ सालच्या प्लेगानें काळोख्या, दाटीच्या चाळींची दुर्दशा उघडी पाडली. १८९८ मध्यें सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें रस्ते रुंद केले, परंतु त्यापायीं ज्यांचीं बिऱ्हाडें उठलीं त्यांची चिंता मिटली नाहीं. पुढें पहिल्या महायुद्धाच्या काळांत भाडीं चढलीं, आणि १९१८ सालीं सरकारास भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. १ जानेवारी १९१६ रोजीं जें भाडें होतें तेंच प्रमाण धरावें, असें त्यानें ठरविलें. अडचणीपुरता केलेला तो कायदा पुढील दशकांत संपुष्टांत आला.

दुसऱ्या महायुद्धानें तीच अडचण पुन्हां उभी केली. १९३९ व १९४४ च्या कायद्यांनंतर १९४७ चा प्रसिद्ध कायदा झाला व १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलांत आला. १ सप्टेंबर १९४० चें भाडें हें त्यांतील सर्वसाधारण प्रमाण होतें. भाडेकरूनें तें भाडें देत रहावें व अटी पाळाव्या, म्हणजे त्याला उठवितां येत नसे. मालकास स्वतःसाठीं जागेची खरोखर गरज असल्यास ती मागतां येई. पण कोणाची अडचण अधिक, हें कोर्ट तोलून पाही. पागडी घेणें गुन्हा ठरला. पाणी व दिवा तोडण्यास मनाई झाली. भाड्याची पावती देणें व घराची डागडुजी करणें हीं मालकाचीं कर्तव्यें ठरलीं. कागदावर तराजू समतोल होता. दहा बाय दहाच्या खोलींत राहणाऱ्या कारकुनास व गिरणीकामगारास या कायद्यानें जो निर्धास्तपणा दिला, तो लहान उपकार नव्हे.

तथापि, या अल्पकालीन कायद्याची मुदत वारंवार वाढत गेली आणि त्याच्या आसऱ्यानें दोन पिढ्या राहिल्या. भाडें १९४० सालांत थबकलें; मजुरी, लाकूड आणि सिमेंट यांचे भाव मात्र थबकले नाहींत. मालकानें डागडुजी टाळल्यास भाडेकरूनें ती करून खर्च भाड्यांतून कांहीं मर्यादेपर्यंत वळता करावा, अशी सोय होती. परंतु भाडेंच क्षुल्लक असल्यावर त्यांतून वासा तरी कसा बदलावा? मालकास घर ओझें वाटूं लागलें. भाडेकरूहि आपला ताबा पागडी घेऊन दुसऱ्यास देऊं लागला, व त्या पागडींत मालकहि वाटेकरी होऊं लागला. छप्पर मात्र गळतच राहिलें. अखेर १९६९ सालीं जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीं सरकारी मंडळाचा कायदा करावा लागला, व त्यासाठीं उपकर बसला. खाजगी करारांतील कर्तव्य असें सार्वजनिक खजिन्याच्या दारीं येऊन उभें राहिलें.

१९९७ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, एके काळीं वाजवी असलेला निर्बंध काळ लोटल्यावर गैरवाजवी होऊं शकतो. त्यानंतरचा १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलांत आला. त्यानें दरसाल शेंकडा ४ वाढीस मुभा दिली, करार लेखी व नोंदलेला असावा ही जबाबदारी मालकावर टाकली, आणि पूर्वीं गुन्हा असलेल्या पागडीसहि मान्यता दिली. परंतु ४ टक्के कशाचे? मूळ रक्कमच जुन्या काळची असल्यामुळें डागडुजीचा प्रश्न तेवढ्यानें सुटला नाहीं. उलट, आजचीं तरुण कुटुंबें ‘लीव्ह अँड लायसन्स’वर अकरा महिन्यांच्या करारानें राहतात. जुन्या भाडेकरूस कोणी हलवूं शकत नाहीं. नव्यास मुलांची शाळा बदलण्याची धास्ती दरसाल असते.

भाडेकरूस संरक्षण दिलें ही १९४७ ची चूक होती, असें आम्ही म्हणणार नाहीं. चूक एवढीच कीं, त्याचा खर्च कोणी सोसावयाचा हें मोकळेपणें न ठरवितां तो घरावरच टाकला गेला. गरिबास स्वस्त जागा देणें हें समाजाचें कर्तव्य असेल, तर समाजानें त्याचा भार उचलावा. आणि ज्यांस देण्याची ऐपत आहे त्यांनीं वाजवी भाडें द्यावें. कारण कुजलेली तुळई कोसळते तेव्हां हक्क कोणाचा होता, हें ती विचारीत नाहीं. खालीं जो असतो, त्याच्यावर ती पडते.