समासातल्या नोंदी

बेळगावचा पावसाळा ओसरला की वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक कुबट वास भरून राहतो. तीस वर्षे मी त्या वासात बसलो आहे. मऊ कुंचल्याने धूळ काढायची, कसरीने पाडलेली भोके पाहायची, फाटल्या जागी मैद्याच्या खळीने पातळ जपानी कागदाची पट्टी लावायची आणि वजनाखाली ठेवून द्यायची, असे हे काम. लोक मला बाइंडरच म्हणतात.

पुस्तक जितके जुने तितके नाजूक, असा समज आहे. माझा अनुभव बहुधा उलटा. जुन्नर किंवा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातला हातकागद दोनशे वर्षांनंतरही बोटाखाली वाकतो. मोडतो तो नंतरचा गिरणी कागद. शाई फुटू नये म्हणून कागदाला राळ आणि तुरटी देण्याची युक्ती मोरिट्झ इलिग या जर्मन कारागिराने 1807 साली प्रसिद्ध केली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यात लाकडाच्या लगद्याची भर पडली. कागद स्वस्त झाला, मराठी पुस्तक घरोघर गेले, हे खरेच. पण तुरटीतून आलेले आम्ल आतल्या आत कागद खात राहिले. शंभर वर्षांपूर्वीचे पान आज पापडासारखे तुटते.

गेल्या वर्षी एक बाई पिशवीतून अशीच एक ज्ञानेश्वरी घेऊन आल्या. ‘‘काका, एवढी बांधून द्या.’’ उघडून पाहिले तर समासात घरातल्या जन्ममृत्यूंच्या नोंदी. पणजोबांच्या मोडीत, बोरूने, काजळाच्या शाईत. वडिलांच्या बालबोधीत, फाउंटन पेनच्या निळ्या शाईत. 1956 साली जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. बाई शिकल्या त्या कानडी शाळेत. शेवटच्या तीन नोंदी त्यांच्या हातच्या, कानडीत, बॉलपेनने.

पूर्वीच्या कोणा बाइंडरने कडा सारख्या करण्यासाठी पुस्तक कापले होते. त्या कापात मोडी ओळींची सुरुवात गेली. एका मुलीच्या नावातले फक्त ‘बाई’ उरले आहे. ‘‘ही कोण असेल हो?’’ बाईंनी विचारले. मला सांगता येईना. त्या बाइंडरची शिलाई मात्र पक्की होती, खळीत मोरचूदही घातलेला, किडीने कणा सोडला होता. वाईट हेतूने कोणी पुस्तक कापत नाही.

आमच्या धंद्यातही हे झाले आहे. 1950च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात कागदावर सेल्युलोज ॲसिटेटचा पापुद्रा ॲसिटोनने हातानेच चिकटवण्याची रीत निघाली. यंत्र लागत नसल्याने ती सोयीची वाटली. मीही उमेदीच्या काळात ती वापरली. पुढे कळले, आधी आम्ल काढले नसेल तर ते पापुद्र्याखाली कोंडले जाते, आणि पापुद्रा काढायचा म्हणजे मूळ पानालाच धोका. म्हणून आता मी काढता येईल तेच लावतो. मैद्याची खळ पाण्याने सुटते.

आम्ल काढण्याचा चांगला उपाय म्हणजे चुन्याच्या निवळीत पान बुडवणे. अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी ही रीत रूढ केली. पण आधी प्रत्येक शाईवर पाण्याचा थेंब टेकवून टिपकागदाने पाहावे लागते. काजळ हलले नाही. बॉलपेनही हलला नाही. वडिलांची निळी शाई मात्र लगेच टिपकागदावर उतरली.

म्हणजे पाने धुतली तर पणजोबा राहणार, पणती राहणार, मधले वडील जाणार. न धुतली तर आम्ल तिघांनाही हळूहळू खाणार. मी दोन दिवस ते पुस्तक मेजावर ठेवून नुसता पाहत बसलो. मग धुतले नाही. कोरड्या कुंचल्याने झाडले, तुटकी पाने सांधली, आम्लरहित पुठ्ठ्याची पेटी केली, आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून बाईंना दिला. फोटोने कागद वाचत नाही, हे त्यांना सांगितले.

पेटी घेताना त्या थांबल्या. ‘‘नातीची नोंद राहिलीय. कुठल्या पेनाने करू?’’

मी पेन्सिल पुढे केली. तिच्या शिशाला पाणी लागत नाही.