ध्वनीचे पाठभेद

संग्राहक हा प्राणी थोडा चमत्कारिकच. एकच पोथी त्याला चार प्रतींत हवी असते आणि त्यांतली अस्सल कोणती, यावर तो रात्र रात्र वाद घालतो. स्टॉकहोमच्या ‘ओपेथ’ या बँडच्या ध्वनिमुद्रिका जमविणाऱ्यांची गतही हीच आहे. मी त्यांच्यापैकीच एक.

मेटल म्हणजे निव्वळ गोंगाट, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी ओपेथचे दहा-बारा मिनिटांचे एखादे गीत ऐकावे. गुरगुरणारा कंठ आणि त्याच गायकाचा मृदू, स्वच्छ गळा. गिटारांचा गडगडाट आणि मागोमाग एकाच तारेचा हळुवार झंकार. याला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात. यातला गडगडाट मोठा वाटतो तो शेजारच्या शांततेमुळे. आणि नेमकी ही शांतताच सीडीच्या उत्तरकाळात मारली गेली.

दोष तबकडीचा नव्हता. 1982 साली बाजारात आलेल्या सीडीवर सेकंदाला 44,100 वेळा ध्वनीचे माप नोंदलेले असते, प्रत्येक माप 16 बिटांचे. अगदी हळू आणि अगदी मोठा आवाज यांत सुमारे 96 डेसिबलचे अंतर तीत मावते. परंतु आपली तबकडी इतरांहून मोठ्याने वाजावी, या चढाओढीत ध्वनीची शिखरे छाटून हळू भाग वर उचलण्याची रीत पडली. एवढे ऐसपैस अंगण, आणि सारी मंडळी एका पायरीवर दाटीने बसलेली!

पुढे 1999 साली सोनी व फिलिप्स यांनी सुपर ऑडिओ सीडी काढली. पाठोपाठ डीव्हीडी-ऑडिओ आली. 24 बिट, 96,000 मापे, असे आकडे ऐकून आम्ही हुरळलो. वास्तविक मनुष्याचा कान सेकंदाला 20,000 कंपनांपलीकडे सहसा जात नाही, आणि तेवढे साध्या सीडीतही येते. खरा फरक पडतो तो वाद्यांचे मिश्रण करणाऱ्याच्या हातामुळे.

2002 साली ओपेथने दोन ध्वनिमुद्रिका बरोबरच मुद्रित केल्या: कठोर ‘डिलिव्हरन्स’ आणि शांत ‘डॅम्नेशन’. त्या जोडीने निघायच्या, पण कंपनीने त्यांची ताटातूट केली. एक त्याच वर्षी आली, दुसरी 2003 मध्ये. 2015 साली मात्र दोन्ही एका संचात आल्या, त्याही नव्या मिश्रणासह. ‘डिलिव्हरन्स’ ब्रूस सोर्डने नव्याने मिळविली. ‘डॅम्नेशन’साठी मूळच्या कामातला स्टीव्हन विल्सनच पुन्हा बसला. सोबत श्रोत्याला चहूकडून वेढणारे मिश्रण डीव्हीडीवर होते.

वादन तेच, गळा तोच. पण माझ्या कानाला ‘डिलिव्हरन्स’मध्ये एकमेकांवर चढलेली वाद्ये आता शेजारी शेजारी उभी राहिली. मी हर्षभरित होऊन जुनी तबकडी एका मित्राला देऊन टाकली. दोन महिन्यांत पस्तावलो. नव्या प्रतीत सारे स्वच्छ होते. जुनीतला तो कोंदट, अंगावर येणारा दाब नव्हता. गीताच्या अखेरीस एकच ठेका कितीतरी वेळ घुमत राहतो. तेथे मला तो दाबच हवा होता.

तबकडी परत मागायला गेलो. मित्राने चहा दिला, तबकडी दिली नाही. तिची फ्लॅकमधली नक्कल तेवढी करून दिली. या पद्धतीत आकार घटतो, पण मूळ ध्वनीतले काहीच गळत नाही. नक्कल तंतोतंत आहे, हे गणिताने मला पटते. तरीही त्याच्या कपाटातल्या त्या तबकडीवर माझा डोळा आहे.