दुष्काळ, आश्रय आणि श्रद्धा : पंडिता रमाबाई व केडगावचे मुक्तिसदन

प्रास्ताविक

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्राने दोन मोठ्या दुष्काळ-मालिका अनुभवल्या. पहिली १८७६ ते १८७८ या काळातील, तर दुसरी १८९६–९७ आणि १८९९–१९०० मधील होय. दुसऱ्या मालिकेच्या आरंभीच, १८९६ मध्ये, मुंबईत प्लेगचा शिरकाव झाला आणि पुढील काही महिन्यांत तो पुण्यात पोहोचला. या आपत्तींमुळे निराधार झालेली मुले व स्त्रिया मोठ्या संख्येने ख्रिस्ती संस्थांच्या आश्रयास गेली आणि त्यांपैकी अनेकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. या घटनेकडे आजवर प्रामुख्याने दोन दृष्टींनी पाहिले गेले. मिशनऱ्यांच्या अहवालांत ती ईश्वरी कृपेची साक्ष ठरली. टीकाकारांच्या लेखी ती भाकरीच्या मोबदल्यात झालेली धर्माची देवघेव होती. या दोन्ही भूमिकांत एक समान गृहीतक आहे. आश्रय घेणारी व्यक्ती स्वतः काही विचार करीत होती, हे दोन्ही बाजूंनी फारसे लक्षात घेतलेले नाही. प्रस्तुत लेखात पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे जीवन आणि त्यांनी केडगाव येथे उभारलेले मुक्तिसदन यांच्या आधारे आपत्ती, सुरक्षितता आणि श्रद्धा यांच्या परस्परसंबंधाचा विचार केला आहे.

रमाबाईंचा स्वतःचा दुष्काळ

रमाबाईंच्या दुष्काळकार्याचे मूळ त्यांच्या तरुणपणीच्या अनुभवात आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान पुराणिक होते. पत्नीला व मुलींना संस्कृत शिकविल्यामुळे त्यांना सनातन्यांचा विरोध सहन करावा लागला. तीर्थयात्रा करीत, ठिकठिकाणी पुराणे सांगत हे कुटुंब फिरत असे. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा या कुटुंबाजवळचे सर्व काही संपले. अंगमेहनतीच्या कामाची सवय नाही आणि भीक मागण्याची लाज, अशा अवस्थेत उपासमारीने वडील, आई आणि त्यानंतर थोरली बहीण यांचा मृत्यू झाला. मागे उरलेल्या रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास यांनी पायी उत्तर हिंदुस्थान गाठला. झेलम नदीच्या काठी थंडीपासून बचाव करण्यासाठी वाळूत खड्डे करून, गळ्यापर्यंत वाळू पांघरून रात्री काढाव्या लागल्याची आठवण त्यांनी पुढे नमूद केली आहे.

या अनुभवाचा त्यांच्या धर्मजीवनावर झालेला परिणाम महत्त्वाचा आहे. व्रते, उपास, दानधर्म आणि तीर्थयात्रा या सर्वांचे काटेकोर पालन करूनही कुटुंब वाचले नाही, यामुळे परंपरागत कर्मकांडावरील त्यांची श्रद्धा डळमळली. मात्र या डळमळण्यातून त्या लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. १८७८ मध्ये कलकत्त्यास ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या, ब्राह्मो समाजाशी परिचय, १८८० मध्ये बंधूंचा मृत्यू आणि त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह, १८८२ मध्ये वैधव्य, पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना, असा दीर्घ प्रवास मध्ये आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही अँग्लिकन धर्माधिकाऱ्यांच्या आज्ञा त्यांनी निमूटपणे स्वीकारल्या नाहीत. आपणास प्रथम ख्रिस्ती धर्म सापडला आणि ख्रिस्त मात्र सुमारे आठ वर्षांनी सापडला, अशा आशयाची कबुली त्यांनी स्वतःच दिली आहे. म्हणजे दुष्काळाने त्यांना जुन्या श्रद्धेपासून दूर नेले. नवी श्रद्धा मात्र त्यांनी अन्नाची भ्रांत नसलेल्या काळात, विचारपूर्वक आणि टप्प्याटप्प्याने स्वीकारली. ‘आपत्ती आली म्हणून धर्मांतर’ हे सरळ समीकरण खुद्द रमाबाईंच्या बाबतीतच लागू पडत नाही.

शारदासदनाकडून मुक्तिसदनाकडे

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले आणि पुढील वर्षी पुण्यास हलविण्यात आलेले शारदासदन हे मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. त्यास मदत करणाऱ्या अमेरिकेतील मंडळाने धार्मिक तटस्थतेचे धोरण ठरविले होते. तथापि काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या. त्यावरून १८९३ मध्ये वादळ उठले, न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली परत नेल्या. पुण्यातील सुधारकी वर्तुळाशी असलेला रमाबाईंचा संबंध तेव्हापासून जवळजवळ तुटला.

या पार्श्वभूमीवर १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील भीषण स्थितीच्या वार्ता ऐकून रमाबाई स्वतः तेथे गेल्या. सरकारी गरीबगृहांत त्यांना उपाशी माणसे तर दिसलीच. शिवाय तरुण मुलींच्या असहाय्यतेचा फायदा घेणारे लोकही त्यांच्या नजरेस आले. दुष्काळात स्त्रीवर कोसळणारे संकट केवळ भुकेचे नसते. उपाशी मुलगी विकली जाते, फसविली जाते, ही गोष्ट त्यांनी स्पष्टपणे मांडली. सुमारे तीनशे मुलींची जबाबदारी घेण्याचा त्यांचा निश्चय होता. त्या वेळी पुण्यात प्लेगचे निर्बंध जारी असल्याने एवढ्या मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले. तेव्हा पुणे–सोलापूर रेल्वेमार्गावरील केडगाव येथे शारदासदनासाठी पूर्वी घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांना हलविण्यात आले. मुक्तिसदनाचा आरंभ असा झाला.

येथे दोन बदल दिसून येतात. पहिला सामाजिक आहे. शारदासदनातील मुली बहुतांशी ब्राह्मण कुटुंबांतील होत्या. मुक्तिसदनातील मुली शेतकरी, मजूर आणि तथाकथित कनिष्ठ जातींतील होत्या. दुष्काळाने आश्रयार्थींची जातच बदलली. दुसरा बदल धार्मिक आहे. मुक्तिसदन हे आरंभापासून उघडपणे ख्रिस्ती होते. तटस्थतेचे बंधन तेथे नव्हते आणि रमाबाईंनी ते कधी लपविलेही नाही.

सुरक्षिततेचे स्वरूप

१८९९–१९०० च्या, गुजरातेत ‘छप्पनियो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुष्काळात मुक्तिसदनातील रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या लोकांना केवळ दानावर पोसणे कठीण होते. विहिरी खोदल्या गेल्या. शेती, गोपालन, विणकाम, तेलघाणा, शिवण, छपाई अशी कामे सुरू झाली. अंध मुलींना शिक्षण देण्याची व्यवस्था झाली आणि समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन हा स्वतंत्र विभाग निघाला. छापखान्यात अक्षरे जुळविण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंतची कामे मुली करीत. ज्या मुलीस चार वर्षांपूर्वी अक्षरओळखही नव्हती, ती मराठी बायबलची पाने जुळवू लागली, ही बाब महत्त्वाची आहे.

यावरून असे म्हणता येईल की, मुक्तिसदनाने दिलेली सुरक्षितता तीन पदरी होती. अन्न आणि छप्पर हा पहिला पदर. शरीराची निर्भयता हा दुसरा. हाताला कौशल्य आणि वाचता येणारी लिपी हा तिसरा पदर असून पुढील दुष्काळात तो टिकणारा होता. याची किंमतही होती. मुली आपल्या गावापासून, जातीपासून, अनेकदा मातृभाषेपासून तुटल्या. दिनक्रम कडक होता आणि त्याच्या केंद्रस्थानी ख्रिस्ती उपासना होती. लहान मुलीला ‘नको’ म्हणण्याची मोकळीक कितपत होती, हा प्रश्न इतिहासकाराने टाळता कामा नये.

समकालीन पर्याय

मुक्तिसदनाचे मूल्यमापन करताना त्या काळातील अन्य प्रयत्न विचारात घेणे आवश्यक आहे. १८७७ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी सत्यशोधक समाजाच्या वतीने धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी अन्नछत्र चालविले. १८९६–९७ मध्ये लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून आणि सार्वजनिक सभेने आपल्या प्रतिनिधींमार्फत दुष्काळसंहितेतील हक्क शेतकऱ्यांना समजावून सांगितले. मदत ही सरकारची कृपा नसून रयतेचा अधिकार आहे, ही त्यामागील भूमिका होती. लाला लजपतराय आणि आर्य समाज यांनी अनाथ हिंदू मुले मिशनऱ्यांकडे जाऊ नयेत म्हणून पंजाबात अनाथाश्रम चालविले. मात्र शेतसाऱ्यात सूट मागणाऱ्या शेतकऱ्याला आवाज होता; आईबाप गमावलेल्या, गावाने सोडून दिलेल्या दहा वर्षांच्या मुलीला दुष्काळसंहिता वाचून दाखवून उपयोग नव्हता. मुक्तिसदनाची जागा नेमकी या पोकळीत आहे.

शिवाय ख्रिस्ती आश्रय म्हणजे राजनिष्ठा, असेही समजण्याचे कारण नाही. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेग-व्यवस्थेत आपल्या संस्थेतील मुलीस मिळालेल्या वागणुकीविषयी रमाबाईंनी ‘बाँबे गार्डियन’मधून सरकारवर उघड टीका केली. ख्रिस्ती असूनही त्या सरकारच्या बाजूने उभ्या राहिल्या नाहीत.

श्रद्धा : मोबदला की शोध?

दुष्काळी धर्मांतराच्या प्रामाणिकपणाविषयी मिशनऱ्यांनाही शंका होती. तेलुगू प्रदेशातील ओंगोल येथे जॉन क्लाउ या अमेरिकन बाप्टिस्ट मिशनऱ्याने १८७६–७८ च्या दुष्काळात बकिंगहॅम कालव्याच्या कामावर लोकांना रोजगार दिला. परंतु मदतकार्य चालू असेपर्यंत बाप्तिस्मे थांबविले. त्यानंतर ३ जुलै १८७८ या एकाच दिवशी २,२२२ जणांचे बाप्तिस्मे झाले. मदत आणि धर्मांतर यांत काळाचे अंतर ठेवण्याचा हा प्रयत्न होता. तरीही संकटात कोण पाठीशी उभे राहिले, याची आठवण लोकांच्या निर्णयातून वगळता येत नाही. ती वगळावी, अशी अपेक्षा करणेही योग्य नाही. कारण विश्वास ही गोष्ट अनुभवावरच उभी राहते.

केडगाव येथे १९०५ मध्ये झालेले धार्मिक पुनरुज्जीवन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. दुष्काळ सरून पाच वर्षे झाली होती. मुलींच्या पोटाचा प्रश्न मिटला होता. अशा वेळी त्या सामुदायिक प्रार्थनेत मोठ्याने रडू लागल्या, पश्चात्ताप व्यक्त करू लागल्या आणि गटागटाने आसपासच्या गावांत शुभवर्तमान सांगण्यास बाहेर पडल्या. या प्रसंगाचे धर्मशास्त्रीय मूल्य ठरविणे हे इतिहासाचे काम नव्हे. पण ज्यांनी आईबाप डोळ्यांदेखत गमावले, त्या मुलींना आपले दुःख सर्वांसमोर उच्चारण्यास प्रथमच एक मान्य भाषा मिळाली, असे मात्र निश्चितपणे म्हणता येते. आश्रय त्यांना दिला गेला होता. श्रद्धेची ही भाषा त्यांनी स्वतः वापरली.

अर्थात या मुलींच्या स्वतःच्या शब्दांतील साधने अत्यल्प आहेत. जे उपलब्ध आहे, ते बहुधा देणगीदारांसाठी छापलेल्या अहवालांतून गाळून आलेले आहे. उमा चक्रवर्ती, मीरा कोसंबी आणि गौरी विश्वनाथन यांच्या अभ्यासामुळे रमाबाईंचे स्थान स्पष्ट झाले. त्यांच्या आश्रितांचा इतिहास मात्र अजून बराचसा लिहावयाचा आहे.

समारोप

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर १९२४ मध्ये मुक्तिसदनाच्या छापखान्यातून पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले. सामान्य स्त्रीस समजेल अशी भाषा वापरणे हा त्यामागील हेतू होता.

वरील विवेचनावरून असा निष्कर्ष निघतो की, आपत्तीनंतर स्वीकारलेली श्रद्धा ही केवळ भुकेची परिणती नव्हती, तशीच ती भुकेपासून अलिप्तही नव्हती. भुकेने या मुलींना दारापर्यंत आणले. आत आल्यावर त्यांपैकी अनेकींनी त्या घराला आपले मानले, कारण बाहेर त्यांना आपले म्हणणारे कोणी उरले नव्हते. म्हणून या धर्मांतरांचा दोष किंवा श्रेय मिशनऱ्यांना देण्यापूर्वी, त्या मुलींना रस्त्यावर सोडणाऱ्या समाजव्यवस्थेचा आणि राज्यव्यवस्थेचा हिशेब मांडणे इतिहासदृष्ट्या अधिक न्याय्य ठरेल.