परराज्य ठरलेल्या भूमीवरील राष्ट्रीय सण : नांदेड व लातूर परिसर, १९४७-४८

राष्ट्रीय सण हा सामान्यतः राष्ट्राच्या भूमीवर साजरा होतो. त्या भूमीपासून दूर गेलेल्या माणसास तो परक्या गावी, इतरांच्या कामकाजाच्या दिवशी, स्मृतीच्या आधारे साजरा करावा लागतो. परंतु माणूस आपल्या घराचा उंबरठा ओलांडून कोठेही गेला नसता त्याची भूमीच परराज्य ठरावी, असा प्रसंग इतिहासात विरळा होय. नांदेड व लातूर परिसरातील जनतेवर तो १५ ऑगस्ट १९४७ रोजी ओढवला.

या घटनेचे स्वरूप समजण्यासाठी तत्कालीन राज्यरचना ध्यानी घेणे अवश्य आहे. हैदराबाद संस्थान सुमारे ८२ हजार चौरस मैलांचे असून १९४१ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १ कोटी ६३ लक्षांच्या आसपास होती. नांदेड हा स्वतंत्र जिल्हा होता. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे, तर उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. संस्थानचा कारभार उर्दूत चाले. व्यवहारात हाली नाणे असे आणि ब्रिटिश हद्दीतील ‘कलदार’ रुपयाशी त्याचा बट्टा ठरे. हद्दीवर करोडगिरीची नाकी असत. मिरजेहून कुर्डुवाडी-बार्शीमार्गे लातुरास येणारी अरुंद मापाची रेल्वे मुंबई प्रांतातून निजामी मुलखात प्रवेश करी. ही सीमा लोकांच्या सवयीची होती. तथापि सीमेच्या दोन्ही बाजूंस एकच ब्रिटिश सार्वभौम सत्ता असल्याने ती राष्ट्राची सीमा आहे असे कोणास वाटत नसे.

जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढून कोणत्याही संविधानसभेत प्रतिनिधी न पाठविण्याचा आणि ब्रिटिश अधिसत्ता संपताच स्वतंत्र होण्याचा मनोदय जाहीर केला. सवयीची सीमा या निर्णयाने एकाएकी दोन राज्यांमधील सीमा झाली. स्टेट काँग्रेसने याला विरोध करून ७ ऑगस्ट हा दिवस भारतीय संघराज्यात सामील होण्याच्या मागणीसाठी पाळला, आणि १५ ऑगस्ट रोजी राष्ट्रध्वज उभारण्याचे आवाहन केले. संस्थान सरकारने अशा ध्वजारोहणास मनाई केली. ध्वज उभारल्याबद्दल स्वामी रामानंद तीर्थ यांना त्या दिवशी हैदराबादेत अटक झाली.

१५ ऑगस्ट १९४७ हा शुक्रवार होता, आणि निजामी राज्यात साप्ताहिक सुटी शुक्रवारीच असे. त्यामुळे नांदेडच्या कचेऱ्या व शाळा त्या दिवशी बंद होत्या, त्या केवळ शुक्रवार म्हणून. सुटी होती, पण सण नव्हता. तिकडे पैनगंगेपलीकडे उमरखेडास आणि हद्दीपलीकडे बार्शीस तोच दिवस स्वातंत्र्याचा म्हणून उजाडला होता. भाषा एक, सोयरीक एक, पंचांग एक. असे असता एका तीरावर जे ध्वजवंदन, तेच दुसऱ्या तीरावर अपराध ठरत होते. सणाचे सणपण तिथीत नसून सत्तेच्या मान्यतेत असते की लोकांच्या स्वीकारात, हा प्रश्न येथे प्रत्यक्ष उभा राहिला. ज्यांनी मनाई मोडली, त्यांनी त्याचे उत्तर तुरुंगात जाऊन दिले.

पुढील तेरा महिन्यांत प्रत्यक्ष स्थलांतरही घडले. लातुरास वकिली करणारे कासीम रझवी यांच्या नेतृत्वाखालील रझाकार संघटनेचा उपद्रव वाढत गेला, तसतशी अनेक कुटुंबे हद्द ओलांडून गेली. सीमेलगत आंदोलकांची शिबिरे उभी राहिली. नांदेडकरांचे प्रमुख शिबिर उमरखेडास होते. कृतिसमितीची धुरा दिगंबरराव बिंदू यांच्याकडे होती. शिंदीची झाडे तोडणे आणि करोडगिरीची नाकी मोडणे हे आंदोलनाचे कार्यक्रम होते. त्यांपैकी दुसऱ्याचा अर्थ केवळ महसूल बुडविणे एवढाच नव्हता. नवी सीमा आम्हांस मान्य नाही, हे त्यातून सांगितले जात होते. ३० जानेवारी १९४८ रोजी शिबिरातील कार्यकर्त्यांनी उमरी येथील बँकेवर छापा घातला.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी संघराज्यात पहिला वार्षिक स्वातंत्र्यदिन आला. सीमेपलीकडे आश्रय घेतलेल्या मराठवाडी लोकांस तो निर्भयपणे पाहता आला. परंतु ज्या भूमीवर तो साजरा होत होता तेथे ते निर्वासित होते, आणि जेथे त्यांचे घर होते तेथे तो निषिद्ध होता. पहिल्या वर्षी घर होते, सण नव्हता; दुसऱ्या वर्षी सण होता, घर नव्हते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. तो दिवसही शुक्रवारच होता. निर्वासित परतू लागले. मात्र येथे इतिहासकाराने थांबता कामा नये. कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर सूडाचे भीषण हल्ले झाले. पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार यांच्या शिष्टमंडळाने १९४८ च्या अखेरीस दौरा करून मृतांची संख्या २७ ते ४० हजारांच्या दरम्यान असावी असा अंदाज दिला. सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेड यांची गणना केली. हा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. रझाकारांशी काहीही संबंध नसलेल्या असंख्य शेतकरी व कारागीर कुटुंबांस मुक्तीच्या त्याच आठवड्यांत आपल्याच गावी परकेपण आले. कासीम रझवी १९५७ साली कारावासातून सुटून पाकिस्तानात गेले. ही कुटुंबे मात्र येथलीच होती व येथेच राहिली.

आज मराठवाड्यात १५ ऑगस्टप्रमाणेच १७ सप्टेंबरलाही ध्वजवंदन होते. १९९४ साली नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने विद्यापीठ स्थापन झाले, तेही याच तारखेस. एका प्रदेशास दोन स्वातंत्र्यदिन असणे यात विसंगती नाही. तेरा महिन्यांच्या परकेपणाची ती नोंद आहे. परकेपण भोगलेल्या समाजाचा सण तेव्हाच पूर्ण होतो, जेव्हा त्या दिवशी कोणासही आपल्या गावात परके वाटत नाही. नांदेड-लातूरच्या इतिहासाने ही कसोटी घालून दिली आहे, आणि १७ सप्टेंबरचे वर्णन तिला उतरेल अशा रीतीनेच झाले पाहिजे.