परसातील कोंबडीच्या पिल्लांवरील भक्षकांचे हल्ले

परसातील कोंबडीच्या पिल्लांवरील भक्षकांचे हल्ले हे ग्रामीण कुक्कुटपालनातील नुकसानीचे एक प्रमुख कारण आहे. २१ दिवस अंडी उबवून खुडूक कोंबडीने काढलेली पिल्ले एक-दोन रात्रींत नाहीशी झाल्यास, अल्पभूधारक कुटुंबाचे अनेक महिन्यांचे संभाव्य उत्पन्न बुडते. पहिले सहा ते आठ आठवडे पिल्लांना सर्वाधिक धोका असतो. या काळात त्यांना उंच जागी उडून बसता येत नाही आणि संरक्षणासाठी ती आईवर अवलंबून असतात.

भक्षक
महाराष्ट्रात घार, शिक्रा व कावळा हे पक्षी दिवसा पिल्ले उचलतात. मुंगूसही मुख्यतः दिवसा वावरते. घूस, उंदीर, रानमांजर, घुबड व कोल्हा यांचा उपद्रव प्रामुख्याने रात्री होतो. पाळीव मांजर, भटकी कुत्री आणि नाग, धामण यांसारखे साप यांच्या हल्ल्याची वेळ निश्चित नसते.

ओळख
हल्ल्याची वेळ, मृत पिल्लांची अवस्था आणि आत शिरण्याची वाट या तीन बाबी एकत्र पाहून भक्षकाचा अंदाज बांधता येतो.

• दिवसा एखादेच पिल्लू मागमूस न ठेवता नाहीसे होणे : घार, शिक्रा, कावळा किंवा मांजर.
• अनेक पिल्ले मान वा डोक्याजवळ चावून मारलेली, परंतु बहुतांशी न खाल्लेली : मुंगूस.
• शरीराचे लचके तोडलेले, पिसे विखुरलेली, खुराड्याचे दार वा जाळी मोडलेली : कुत्रा.
• रात्री पिल्ले कमी होणे, अर्धवट कुरतडलेले अवशेष, जवळ बीळ व लेंड्या : घूस किंवा उंदीर.
• जाळी शाबूत असताना पिल्लू नाहीसे होणे, अथवा मृत पिल्लाचे डोके व पिसे ओलसर असणे : साप. गिळता न आल्यास साप पिल्लू टाकून देतो.

केवळ एका खुणेवरून निष्कर्ष काढल्यास चूक होऊ शकते. उंदरांनी नेलेल्या पिल्लांचा दोष अनेकदा मुंगसावर येतो. वास्तविक मुंगूस उंदीर व साप यांचीही शिकार करते. आधीच मेलेले पिल्लू नंतर दुसऱ्या प्राण्याने खाल्ल्यानेही खुणा फसव्या ठरतात.

प्रतिबंध
दिवसा पिल्ले बांबूच्या डालग्याखाली ठेवण्याची जुनी पद्धत पक्ष्यांपासून चांगले संरक्षण देते. कुत्र्याने डालगे उलथू नये म्हणून त्यावर दगड ठेवतात. मात्र बांबूच्या फटींतून उंदीर व साप शिरू शकत असल्याने रात्री डालगे पुरेसे नसते.

रात्रीच्या खुराड्याला सुमारे १३ मिलिमीटर (अर्धा इंच) छिद्रांची मजबूत वेल्डेड जाळी वापरावी. कोंबड्यांसाठी मिळणारी पातळ षट्कोनी जाळी कुत्रा फाडू शकतो आणि तिच्या मोठ्या छिद्रांतून उंदीर सहज जातो. खुराडे जमिनीपासून उंच असावे किंवा तळाशी फरशी असावी. अन्यथा जाळी भोवताली सुमारे ३० सेंटिमीटर खोल पुरावी. दार घट्ट बसणारे व कडी असलेले असावे. सांडलेले धान्य उंदरांना आणि उंदीर सापांना आकर्षित करतात. त्यामुळे सायंकाळी खाद्य उचलून ठेवणे, तसेच लाकडांचे ढीग व गवत दूर करणे आवश्यक असते. झुडपांचा आडोसा पिल्लांना घारीपासून लपण्यास उपयोगी पडतो, मात्र तो खुराड्याला लागून नसावा.

सुरक्षितता व कायदा
पिल्लू गिळलेला साप खुराड्यातच विसावलेला असू शकतो. म्हणून उजेड पाडून आत पाहिल्याशिवाय हात घालू नये. साप आढळल्यास प्रशिक्षित सर्पमित्र किंवा वनविभागास कळवावे. उंदरांसाठी ठेवलेले विष कोंबड्यांच्या पोटात जाऊ शकते, तर विषबाधित उंदीर खाऊन घुबड व मांजरही दगावू शकते. मुंगूस, रानमांजर, नाग, धामण व शिकारी पक्ष्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असून त्यांना मारणे वा पकडणे हा गुन्हा आहे. त्यामुळे भक्षकाला मारण्याऐवजी त्याची वाट बंद करणे हाच कायदेशीर व टिकाऊ उपाय ठरतो.