हस्तक आणि दस्तक

एजंट म्हटलं की आपल्याकडे विम्याचा, नाहीतर आरटीओबाहेरचा माणूस डोळ्यांपुढे येतो. शब्दाचं मूळ मात्र लॅटिन ‘आगेरे’, म्हणजे हाकणं, करणं. संस्कृतातला ‘अज्’ धातू त्याचाच भाऊबंद. 1990 च्या दशकात संगणकवाल्यांनी या शब्दाला खरोखरच चालतं केलं. जनरल मॅजिक या अमेरिकी कंपनीच्या टेलिस्क्रिप्ट भाषेत ‘गो’ अशी आज्ञाच होती. ती आली की चालू प्रोग्रॅम जागीच थांबे, जमवलेल्या माहितीसकट दुसऱ्या यंत्रावर जाई आणि तिथे पुढच्या ओळीपासून काम सुरू करी. आयबीएमच्या टोकियोतल्या प्रयोगशाळेने जावा या भाषेत असेच ‘ॲग्लेट’ घडवले. एजंट आणि ॲप्लेट (म्हणजे छोटा प्रोग्रॅम) यांचा हा जोडशब्द.

अशा फिरत्या एजंटाला मराठीत मुखत्यार म्हणावं की हस्तक? मुखत्यार अरबीतून आला, अर्थ ‘निवडलेला’. तो पाठवणाऱ्याच्या तोंडचा शब्द. हस्तक मात्र समोरचा म्हणतो. स्वतःच्या माणसाला कुणी हस्तक म्हणत नाही!

फिरते एजंट वापरावेत की नाही, हा प्रोग्रॅमर मंडळींतला वाद नेमका याच फटीतला. संशोधकांना मुखत्यार दिसे: ढीगभर माहिती ओढून आणण्यापेक्षा प्रोग्रॅमच तिकडे धाडा, मधे लाइन तुटली तरी काम थांबत नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्याला दिसे हस्तक. यंत्रायंत्रांतून आपणहून फिरणाऱ्या प्रोग्रॅमचा इंगा 1988 च्या मॉरिस वर्मने दाखवला होताच. उलट बाजूही होती: परक्या यंत्रावर गेलेल्या एजंटाच्या पोटातलं गुपित यजमानाने वाचलं तर? 1995 मध्ये खुद्द आयबीएमच्याच संशोधकांनी लिहिलं की फिरत्या एजंटांचा एकेकटा फायदा निर्णायक नाही, सगळे मिळून मात्र वजन पडतं. बहुतेकांनी पहिलं अर्धंच लक्षात ठेवलं असावं.

टेलिस्क्रिप्टने तोड काढली होती. प्रत्येक एजंटाजवळ परमिट: किती वेळ जगायचं, किती फुगायचं, किती खर्चायचं. यासाठी आपल्याकडे जुना शब्द आहे, दस्तक. वाटेत अडवू नये म्हणून दिलेला परवाना. फारसी ‘दस्त’ आणि संस्कृत ‘हस्त’ मुळात एकच, म्हणजे हस्तक आणि दस्तक चुलतभाऊच निघाले. टेलिस्क्रिप्टवर चालणाऱ्या एटी अँड टीच्या पर्सनालिंक सेवेत जाळंही कंपनीचं आणि नाकेही कंपनीचेच, त्यामुळे तिथे दस्तकाला किंमत होती. ती सेवा 1994 मध्ये सुरू झाली आणि 1996 मध्ये गुंडाळली गेली. खुल्या इंटरनेटवर कुणी दिलेलं दस्तक कुणी मानायचं, हे मात्र कधी ठरलंच नाही.